लुंडचा डॉक्टर आणि हृदयाचा प्रतिध्वनी

पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळाच्या हृदयाचा डावा खालचा कप्पा रक्ताने पूर्ण भरतो, तेव्हा त्याची आतली रुंदी साधारण दोन सेंटिमीटरच्या आसपास असते. हे एवढेसे हृदय मिनिटाला सव्वाशे ते दीडशे वेळा धडधडत असते. त्या कप्प्याची रुंदी काही मिलिमीटरनी वाढली आहे किंवा नाही, यावर औषध सुरू करायचे की वाट पाहायची, शस्त्रक्रिया आताच करायची की मूल थोडे मोठे होऊ द्यायचे, असे निर्णय ठरतात. ‘टू-डी इको’ हा शब्द आज मुंबई-पुण्यातच नव्हे, तर जिल्ह्याच्या गावीही आईवडिलांच्या तोंडी सहज येतो. बाळाच्या छातीवर थोडी जेली लावायची, तपासणीचा दांडा टेकवायचा आणि पडद्यावर हलणारे हृदय मोजायचे, यात आता कुणाला नवल वाटत नाही.

या तंत्राचे जनक म्हणून जगभरातील हृदयरोगतज्ज्ञ ज्यांचे नाव घेतात, ते डॉ. इंगे एडलर स्वीडनमधील लुंड या विद्यापीठाच्या गावी आयुष्याचा बराच काळ राहिले. ज्या प्रश्नाने त्यांना या वाटेवर आणले, तो लहान मुलांचा नव्हता आणि हृदयाच्या आकाराचाही नव्हता. प्रश्न होता एका झडपेचा.

एडलर यांचा जन्म १७ मार्च १९११ रोजी स्वीडनच्या दक्षिण टोकाला, स्कोने प्रांतातील बुर्लोव्ह येथे झाला. वैद्यकीचे शिक्षण त्यांनी लुंड विद्यापीठात घेतले आणि १९४३ मध्ये ते डॉक्टर झाले. १९५० च्या सुमारास लुंडच्या विद्यापीठ रुग्णालयात हृदयात नळी घालून तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेची जबाबदारी त्यांच्याकडे आली. शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या हृदयरुग्णांचे निदान करणे आणि कोणाला टेबलावर घ्यायचे, कोणाला नाही, हे शल्यविशारदाला सांगणे, हे त्यांचे काम. हे काम वाटते तितके सरळ नव्हते.

त्या काळात युरोपात र्‍हुमॅटिक तापाचे प्रमाण मोठे होते. लहानपणी घसा दुखतो, सांधे सुजतात, ताप येतो आणि उतरतो. पण पुढे काही वर्षांनी हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप खराब झालेली आढळते. आपल्याकडील गरीब वस्त्यांमधून हा आजार अजूनही पुरता हटलेला नाही. ही झडप दोन प्रकारे बिघडते. तिच्या पाकळ्या एकमेकींना चिकटून वाट अरुंद होते किंवा पाकळ्या नीट मिटत नाहीत आणि रक्त मागे गळते. १९४८ च्या जूनमध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाचे चार्ल्स बेली आणि बोस्टनचे ड्वाइट हार्कन यांनी काही दिवसांच्या अंतराने धडधडत्या हृदयात बोट घालून अरुंद झडप मोकळी करण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली. लवकरच ती युरोपातही होऊ लागली.

अरुंद झडपेच्या रोग्याला या शस्त्रक्रियेने जणू नवा जन्म मिळत असे. ज्याची झडप गळत असे, त्याची मात्र ती मोकळी केल्याने अवस्था आणखी बिकट होई. दोघांची लक्षणे सारखीच : दम लागणे, थकवा, फुप्फुसात साचणारे पाणी. हृदयाच्या उजव्या बाजूने घातलेल्या नळीने मोजलेला दाब दोघांतही वाढलेलाच दिसे, कारण झडप अडलेली असो वा गळकी, रक्त फुप्फुसाकडेच तुंबते. दोन्ही दोष एकत्र असले, की गोंधळ अधिकच वाढे. म्हणजे चुकीच्या निदानाची किंमत रोग्याने शस्त्रक्रियेच्या टेबलावर मोजायची, अशी परिस्थिती होती. निदान करणारे म्हणून तिचा भार एडलर यांच्यावर होता.

महायुद्ध संपून फार दिवस झाले नव्हते. रडारने विमाने कशी टिपली, याच्या कथा सर्वांना ठाऊक होत्या. लहरी सोडून परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून दूरच्या विमानाची हालचाल कळते, तर छातीतल्या झडपेची का कळू नये, असा विचार एडलर यांच्या मनात आला. तो घेऊन ते विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातील एका तरुण संशोधकाकडे गेले. त्याचे नाव कार्ल हेल्मुट हर्ट्झ.

हर्ट्झ हे नाव शाळेत विज्ञान शिकलेल्या प्रत्येकाने ऐकलेले असते. लहरींची वारंवारता ज्यांच्या नावाने मोजतात, ते हाइनरिश हर्ट्झ या तरुणाच्या वडिलांचे काका. वडील गुस्ताव्ह हर्ट्झ हे १९२५ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे मानकरी आणि १९३५ पासून युद्ध संपेपर्यंत बर्लिनमधील सीमेन्स कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेचे प्रमुख. युद्धानंतर वडील सोव्हिएत संघात गेले. मुलगा जर्मन सैन्यात असताना अमेरिकी सैन्याच्या हाती सापडून युद्धकैदी झाला आणि सुटकेनंतर स्वीडनला येऊन राहिला. एका घराण्याच्या दोन पिढ्या लहरींशी आणि अणूंशी खेळल्या. तिसरे वळण हृदयाकडे जायचे होते.

रडारची कल्पना हर्ट्झ यांनी बाजूला ठेवली. रडारच्या लहरी प्रकाशाच्या वेगाने जातात. छातीत पाच सेंटिमीटर आत जाऊन परत यायला त्यांना सेकंदाच्या एक अब्जाव्या भागाचाही तिसरा हिस्सा लागतो. तो मोजणार कसा? ध्वनी मात्र शरीराच्या मऊ भागातून सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. तेवढेच अंतर जाऊन येण्यास त्याला सेकंदाचे सुमारे ६५ दशलक्षांश लागतात. हा काळ त्या वेळच्या उपकरणांनाही मोजता येण्याजोगा होता. तेव्हा कानाला ऐकू न येणारा, अतिउच्च वारंवारतेचा ध्वनी वापरून पाहावा, असे ठरले.

असे उपकरण रुग्णालयात नव्हते, पण शेजारच्या माल्मो शहरातील कोकुम्स जहाजबांधणी कारखान्यात होते. पोलादी पत्र्याच्या जोडात कुठे भेग राहिली आहे का, हे तपासण्यासाठी तिथे ते वापरत. १९५३ मध्ये हर्ट्झ यांनी ते शनिवार-रविवारपुरते मागून आणले. त्याचा दांडा स्वतःच्या छातीवर धरला, तेव्हा पडद्यावर हृदयाच्या तालावर मागेपुढे सरकणारा एक ठिपका दिसला. जहाजाच्या तळाची तपासणी करणाऱ्या यंत्राने माणसाचे हृदय दाखवले, यापेक्षा अधिक आशा देणारे काय असणार!

मग वडिलांच्या जुन्या ओळखी उपयोगी पडल्या. जर्मनीत एर्लांगेन येथील सीमेन्सच्या वैद्यकीय शाखेने अशाच जातीचे एक यंत्र लुंडला वापरायला दिले. २९ ऑक्टोबर १९५३ रोजी एडलर आणि हर्ट्झ यांनी हलत्या हृदयाची पहिली सलग नोंद केली. परतणाऱ्या प्रतिध्वनीचा ठिपका सरकत्या फिल्मवर टिपायचा, अशी त्यांची युक्ती होती. फिल्मवर आडवा काळ आणि उभी खोली, अशी नागमोडी रेघ उमटे. १९५४ मध्ये लुंडच्या शास्त्रीय संस्थेच्या कार्यवृत्तात त्यांचा शोधनिबंध आला. मुलांच्या इको अहवालात डाव्या कप्प्याची रुंदी मोजण्यासाठी आजही जी ‘एम-मोड’ नोंद घेतली जाते, ती या नागमोडी रेघेचीच सुधारलेली आवृत्ती आहे.

याच यंत्राची एक आठवण बालरोगाच्या दृष्टीने सांगण्यासारखी आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लुंडचेच मेंदूशल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी डोक्याला मार लागलेल्या १६ महिन्यांच्या एका बाळाच्या मेंदूची तपासणी त्यावर केली आणि मेंदूची मधली रेषा एका बाजूला सरकल्याचे त्यांना दिसले. हृदयासाठी आणलेले यंत्र दोन महिन्यांच्या आत एका तान्ह्या मुलाच्या उपयोगी पडले होते.

एडलर यांच्या कामाचा खरा कस मात्र इथून पुढे लागला. यंत्र मिळाले, रेघ उमटली. पण ही रेघ हृदयाच्या नेमक्या कोणत्या भागाची? पडद्यावर हृदयाचे चित्र नव्हते, फक्त ठिपके होते. सुरुवातीला मिळाले ते बहुतांशी डाव्या कप्प्याच्या मागच्या भिंतीचे प्रतिध्वनी. मायट्रल झडप अरुंद असलेल्या रुग्णांमध्ये याशिवाय एक वेगळी, ठळक रेघ दिसे. निरोगी माणसाच्या हृदयातील तशी रेघ झपकन खाली येई. झडप अरुंद असेल तर ती सावकाश उतरे आणि जितकी वाट अरुंद, तितका उतार संथ. एडलर यांनी ही रेघ डाव्या वरच्या कप्प्याच्या पुढच्या भिंतीची असावी, असे मानले आणि तसे प्रसिद्धही केले.

ते चूक होते. रेघ त्या भिंतीची नव्हती. ती मायट्रल झडपेच्या पुढच्या पाकळीचीच होती. गंमत अशी, की नाव चुकले असले तरी निदान चुकत नव्हते. उतार संथ म्हणजे झडप अरुंद, हा ठोकताळा शल्यविशारदाच्या बोटाला जाणवणाऱ्या झडपेशी जुळत होता. झडप मोकळी केल्यावर उतार सुधारत होता. दुसऱ्या एखाद्याने एवढ्यावर समाधान मानले असते. एडलर यांनी मानले नाही.

त्यांनी निवडलेला मार्ग आजच्या वाचकाला थोडा अस्वस्थ करील. मरणासन्न रुग्णांच्या छातीवर ज्या जागेवरून आणि ज्या दिशेने प्रतिध्वनी मिळत होता, त्याची ते नोंद करून ठेवत. मृत्यूनंतर त्याच जागेतून, त्याच दिशेने एक लांब टोकदार सळई आत घालत आणि शवविच्छेदनात ती कशाकशातून गेली, हे पाहत. अशी अनेक शवविच्छेदने झाल्यावर एकेका रेघेला तिचे खरे नाव मिळाले. ती ठळक रेघ पाकळीची आहे, हे निश्चित झाले आणि एडलर यांनी आपलेच आधीचे म्हणणे दुरुस्त केले. १९६० मध्ये रोम येथील युरोपीय हृदयरोग परिषदेत त्यांनी या पद्धतीवरील चित्रपट दाखवला. १९६१ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांचा विस्तृत प्रबंध स्वीडनमधील वैद्यकीय नियतकालिकाची पुरवणी म्हणून प्रसिद्ध झाला आणि पुढची काही वर्षे या विषयात शिरणाऱ्यांसाठी तोच मुख्य आधार राहिला. यंत्र हर्ट्झ यांच्यामुळे आले, हे खरेच. पण त्या यंत्राचे म्हणणे समजून घेण्याचे कष्ट एडलर यांचे होते, असे म्हणावे लागेल.

तरीही जगाने त्यांना डोक्यावर घेतले, असे झाले नाही. ठिपके आणि रेघा पाहून हृदयाचे निदान करायचे, हे अनेक डॉक्टरांना पटत नव्हते. कॅथेटर म्हणजे हृदयातली नळी ही त्या काळची प्रतिष्ठित तपासणी होती; तिच्या जनकांना १९५६ मध्ये नोबेल मिळाले होते. जर्मनीत स्वेन एफर्ट यांनी मात्र हे तंत्र उचलले आणि १९५९ मध्ये हृदयाच्या वरच्या कप्प्यातील गाठ त्यावर ओळखली. अमेरिकेत फिलाडेल्फियाला जॉयनर आणि रीड, इंडियानापोलिसला हार्वी फायगेनबाउम यांनी १९६३ च्या सुमारास काम सुरू केले. हृदयाभोवती साचलेले पाणी आणि डाव्या कप्प्याची रुंदी या दोन गोष्टी अशा मोजता येतात, हे फायगेनबाउम यांनी ठामपणे मांडले, तेव्हा कुठे हे तंत्र रोजच्या रुग्णसेवेत आले.

आता मुलांकडे वळू. मुलाच्या हृदयाचा आकार मोजण्यासाठी तोवर हाताशी होता तो क्ष-किरणांचा फोटो. त्यात हृदयाच्या सावलीची रुंदी छातीच्या रुंदीच्या किती पट आहे, हे पाहत. मोठ्या माणसात ती निम्म्यापेक्षा अधिक नसावी, असा नियम. तान्ह्या बाळात थोडी जास्त असली तरी चालते. पण बाळ उताणे निजलेले असते, फोटो निघताना श्वास सोडत किंवा रडत असते आणि त्याच्या हृदयासमोर थायमस ग्रंथी पसरलेली असते. तिची सावली हृदयाच्या सावलीत मिसळते आणि निरोगी बाळाचे हृदयही मोठे भासते. शिवाय सावलीवरून कोणता कप्पा वाढला, भिंत जाड झाली की पोकळी रुंदावली, हे कळत नाही. नळी घालून तपासावे, तर काही किलो वजनाच्या आजारी जिवाला ती फार मोठी जोखीम. आणि मूल वाढत असते; आज घेतलेले माप सहा महिन्यांनी पुन्हा घ्यावे लागते. किरण किंवा नळी पुन्हा पुन्हा कशी वापरणार?

प्रतिध्वनीच्या तपासणीत या अडचणी नव्हत्या. हाड आणि हवा हे अल्ट्रासाऊंडचे दोन मोठे शत्रू. मुलांच्या फासळ्या मऊ असतात, छाती पातळ असते आणि हृदय पृष्ठभागाच्या जवळ असते. त्यामुळे अधिक वारंवारतेचा ध्वनी वापरता येतो आणि वारंवारता जितकी जास्त, तितका बारकावा अधिक. लुंडमध्येच नील्स-रुने लुंडस्ट्रोम यांनी एडलर यांच्यासोबत हे काम हाती घेतले. १९७१ मध्ये अर्भके आणि मुले यांच्या हृदयाच्या अल्ट्रासाऊंड तपासणीवर दोघांचा निबंध आला. १९७४ मध्ये लुंडस्ट्रोम यांचा याच विषयावरील प्रबंध प्रसिद्ध झाला. त्यात निरोगी हृदयाच्या मुलांची तपासणीही होती आणि ती महत्त्वाची होती. आजारी हृदय किती मोठे, हे सांगण्याआधी निरोगी हृदय किती असते, हे ठाऊक असावे लागते. त्या वेळी साठीला आलेले एडलर पुन्हा एकदा रेघेला नाव देण्याच्या जुन्याच कामात गुंतले होते. या वेळी रेघांची माणसे फक्त लहान होती.

अमेरिकेतही याच काळात नवजात बाळांच्या मापांवर निबंध येऊ लागले. १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या नॉर्मन सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांबाबत फार उपयोगाची गोष्ट दाखवली. जन्मानंतर बंद व्हायला हवी अशी एक रक्तवाहिनी या बाळांमध्ये उघडी राहते. फुप्फुसात जास्त रक्त जाते आणि ते परत येऊन डाव्या वरच्या कप्प्याला फुगवते. बाळ मुळातच श्वासासाठी झगडत असते, त्यामुळे दोष फुप्फुसाचा की या वाहिनीचा, हे ओळखणे कठीण. त्यांनी डाव्या वरच्या कप्प्याची रुंदी महाधमनीच्या रुंदीशी ताडून पाहिली. निरोगी बाळात ही दोन्ही मापे जवळजवळ सारखी असतात. वाहिनी मोठी उघडी असेल, तर कप्पा धमनीपेक्षा बराच मोठा होतो. दोन वर्षांनी, १९७६ मध्ये, ती वाहिनी औषधाने बंद करता येते, असे दिसून आले, तेव्हा या साध्या गुणोत्तराला आणखी किंमत आली.

वाढत्या मुलाच्या हृदयाला एक ठराविक ‘नॉर्मल’ आकडा नसतो, ही यातली मुख्य अडचण. त्याचे माप त्याच्या उंची-वजनावरून काढलेल्या शरीराच्या पृष्ठफळाशी ताडावे लागते. मग तेवढ्याच शरीराच्या निरोगी मुलांच्या सरासरीपासून हे हृदय किती दूर आहे, हे ‘झेड स्कोअर’ नावाच्या आकड्यात सांगतात. शून्य म्हणजे बरोबर सरासरी. उणे दोन ते अधिक दोन हा सर्वसाधारण पट्टा. अहवालात हा आकडा पाहून घाबरणाऱ्या पालकांनी एवढे जरी लक्षात ठेवले, तरी पुष्कळ. माप कुठून कुठवर घ्यायचे, यातही एकवाक्यता नव्हती. १९७८ मध्ये बालहृदयरोगतज्ज्ञ डेव्हिड सान यांच्या पुढाकाराने त्याचे नियम सुचवले गेले. उत्तर अमेरिकेतील तीन हजारांहून अधिक निरोगी मुलांच्या मापांवर आधारलेले कोष्टक २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या मुलांची ठेवण वेगळी असल्याने परदेशी कोष्टके जपून वापरावी लागतात.

कर्करोगाची काही औषधे हृदयाला इजा करतात. ती घेणाऱ्या मुलांचे हृदय म्हणूनच वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा मोजले जाते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात महाराष्ट्रातील अंगणवाड्या आणि शाळांमध्ये तपासणी होऊन ज्या मुलांच्या हृदयात दोष असल्याची शंका येते, त्यांनाही पुढे याच तपासणीसाठी पाठवतात.

एडलर स्वतः एका रेघेवर थांबले नव्हते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी शेल लिंडस्ट्रोम यांच्यासह डॉप्लर तत्त्व वापरून गळक्या झडपेतून मागे जाणारे रक्त नोंदवले. ज्या प्रश्नाने पंधरा-सोळा वर्षांपूर्वी सुरुवात झाली, त्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचे ते उत्तर होते. तोवर इतरत्र रेघांच्या जागी चित्र आणण्याची धडपड सुरू झाली होती. १९७१ मध्ये रॉटरडॅमचे निकोलास बॉम यांनी हृदयाचे हलते द्विमितीय चित्र दाखवले आणि ‘टू-डी’ हा शब्द रूढ होण्याची वाट मोकळी झाली.

हर्ट्झ यांची वाट पुढे वेगळी झाली. लुंडच्या तंत्रशाखेत ते विद्युत मापनाचे प्राध्यापक झाले आणि शाईचे सूक्ष्म थेंब फवारून छापण्याच्या तंत्रावर त्यांनी मोठे काम केले. घरोघरीच्या इंकजेट प्रिंटरच्या इतिहासातही म्हणूनच त्यांचे नाव येते. १९७७ मध्ये एडलर आणि हर्ट्झ यांना वैद्यकीय संशोधनाचा अमेरिकेतील प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार विभागून मिळाला. हा पुरस्कार पुष्कळदा नोबेलची नांदी ठरतो. दोनच वर्षांनी, १९७९ मध्ये, सीटी स्कॅनच्या शोधाला नोबेल मिळाले. प्रतिध्वनीच्या वाट्याला ते आले नाही. हर्ट्झ १९९० मध्ये गेले आणि दोघांना मिळून ते मिळण्याची शक्यता तिथेच संपली.

एडलर ७ मार्च २००१ रोजी लुंड येथे निवर्तले. नव्वदी पूर्ण व्हायला त्यांना दहा दिवस कमी होते.